बाजारपेठेत मॉल येतोय आणि रस्ता खोदून ठेवलाय: पुढच्या सभेआधी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतचं तुमचं गाव, तिथे नगरपरिषद आहे. एसटी स्टँडकडून बाजारपेठेत येणाऱ्या रस्त्यालगत मोठं विक्री संकुल उभं राहणार आहे, खाली सुपरमार्केट आणि वर कपड्यांची, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. तोच रस्ता पाईपलाईन आणि गटारासाठी आठ महिने खोदलेला आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत दोन्ही विषयांवर दोन तास गदारोळ झाला, मॉलचा विषय तहकूब झाला आणि लोक टाळ्या वाजवत बाहेर पडले. तुमचं किराणा दुकान त्याच रस्त्यावर आहे. पुढच्या सभेआधी व्यापाऱ्यांनी नेमकं काय करावं, असं तुम्ही विचारलंत.

मी नगरपरिषदांच्या बांधकाम आणि नगररचना विभागात ३१ वर्षं काढली, बहुतेक सगळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. तहकुबीवर टाळ्या वाजल्या हे वाचून मला काळजी वाटली, म्हणून जरा लांबण लावतो.

इमारतीला परवानगी सर्वसाधारण सभा देत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज येतो, कलम ४५ खाली निर्णय होतो, आणि नगरपरिषदेत तो निर्णय नगररचना खात्याचा सल्ला घेऊन मुख्याधिकारी देतात. नकाशा नियमात बसत असेल तर "आम्हाला मॉल नको" एवढ्यावर नकार देता येत नाही. दिला तरी अपिलात टिकत नाही. शिवाय परिपूर्ण अर्ज आल्यापासून ६० दिवसांत अर्जदाराला उत्तर गेलं नाही, तर नियमात बसणाऱ्या नकाशाला परवानगी मिळाली असं कायदाच धरून चालतो. त्याला आम्ही मानीव परवानगी म्हणतो. म्हणजे सभागृहात विषय लोंबकळत पडला आहे आणि तिकडे अर्जदाराचे दिवस भरत चालले आहेत. त्यात सगळ्यात मोठं नुकसान तुमचं. कलम ४५ प्रमाणे अटी घालून परवानगी देता येते, आणि मानीव परवानगीत त्या अटी घालायची संधीच हातची जाते. ज्या दिवशी विषय तहकूब झाला त्या दिवशी फाईलवर ६० पैकी कितवा दिवस होता, हे आधी शोधून काढा.

मग विषय सभेपुढे आला तरी कशाला? विषयपत्रिकेवरचं वाक्य शब्दन्‌शब्द उतरवून घ्या, त्यात उत्तर असतं. कधी विषय नुसता माहितीसाठी ठेवलेला असतो. कधी विकास योजनेत (कुठल्या जागेचा वापर कशासाठी हे ठरवणाऱ्या गावाच्या आराखड्यात) कलम ३७ खाली फेरबदल करायचा असतो, म्हणजे रहिवासी पट्ट्याचा वाणिज्य पट्टा करणं किंवा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण हलवणं. असं असेल तर सभेचा ठराव लागतोच, त्यानंतर जाहीर सूचना निघते, लोकांना हरकती द्यायला एक महिना मिळतो आणि शेवटचा शब्द शासनाचा असतो. कधी नगरपरिषदेची एखादी चिंचोळी जागा पोचरस्त्यासाठी भाड्याने मागितलेली असते. या शेवटच्या दोन प्रकारांत सभागृहाच्या हातात खरी ताकद आहे. आणखी एक. २०२५ च्या डिसेंबरातल्या निवडणुकांआधी बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. त्या काळात एकाच सहीने ठराव झाले. तुमच्या विषयाचा मूळ ठराव तेव्हाचा असेल तर आजच्या नगरसेवकांना तो ठाऊकही नसण्याची शक्यता आहे. तो शोधून त्यांच्या हातात द्या, ते तुमचे आभारच मानतील.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमचा नकाशा मी पाहिलेला नाही. जागेवर पूर्वी मंडईचं किंवा पार्किंगचं आरक्षण होतं का? असेल तर गोष्ट गंभीर आहे. विकास योजना मंजूर होऊन १० वर्षांत नगरपरिषदेने जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. कोकणातल्या छोट्या नगरपरिषदांकडे बाजारपेठेतली जमीन विकत घ्यायला पैसे नसतात, आणि मंडईची जागा अशीच हळूहळू हातातून जाते. पण ते आरक्षण अजून जिवंत असेल, तर समावेशक आरक्षणाच्या तरतुदीखाली मालकाने बांधलेल्या जागेतला ठरलेला हिस्सा नगरपरिषदेला बांधून द्यावा लागतो. मग मॉलच्या तळमजल्यावर तुमची भाजी मंडई बसू शकते. हा प्रश्न तुमच्या सभेत कुणी विचारला होता का?

संकुलाचं क्षेत्रफळही बघा. एकूण बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात वाहतूक, सांडपाणी, पावसाचं पाणी हे सगळं तपासलं जातं. तालुक्याच्या गावातला मॉल बहुतेक वेळा त्याच्या बराच खाली असतो. म्हणजे वाहतुकीचं आणि पाण्याचं काय होईल हे वरचं कुणीही तपासणार नाही, जी काही चाळण लागेल ती तुमच्या नगरपरिषदेच्याच अटींची. जागा खाडीजवळ असेल तर किनारा नियमनाची (सीआरझेडची) रेषा बघा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढा पट्टा त्यात येतो. आणि नदी असेल तर पूररेषा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा काय झालं ते तुमच्याकडच्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा या दोहोंच्या मध्ये आहे की बाहेर, यावर जोत्याची उंची ठरते.

रस्त्याच्या रुंदीवर मात्र मला थांबायचं आहे, कारण बहुतेक सगळं तिथेच अडतं. २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत रस्ता जेवढा रुंद तेवढं जास्त चटई क्षेत्र, म्हणजे बांधायला परवानगी असलेलं एकूण क्षेत्रफळ, मिळतं. एका गावात माझ्याकडे अशीच फाईल आली होती. विकास योजनेत रस्ता १२ मीटरचा. मी सकाळी सातला, दुकानं उघडायच्या आधी, शिपायाला टेपचं टोक धरायला लावून मोजला. एका बाजूला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला जुन्या वखारीची भिंत, मध्ये ७ मीटर ४० सेंटिमीटर. त्यातही एका कडेला उघडं गटार आणि गटाराच्या आत एक विजेचा खांब. एसटी आणि बर्फाचा टेम्पो समोरासमोर आले की कुणातरी एकाला मारुतीच्या देवळापर्यंत मागे जावं लागायचं. कागदावरचे १२ मीटर जागेवर कधी येणार, कोण आणणार, याचं उत्तर फाईलमध्ये कुठेही नव्हतं. शेवटी अट घातली की मालकाच्या हद्दीतून रस्त्यात जाणारी पट्टी मोकळी करून, गडगा मागे घेऊन, ताबा पावतीने नगरपरिषदेला दिल्याशिवाय जोत्याच्या पुढे काम चढवायचं नाही. त्याला त्या पट्टीच्या बदल्यात चटई क्षेत्र मिळत होतं, त्यामुळे त्यानेही कुरकुर केली नाही. ती एक अट नसती तर तिथे आजही एसटी मागेच जात असती.

पाण्याचंही तसंच. हिशेब साधा आहे, सभेत फळ्यावर मांडून दाखवता येईल. संकुलाची जागा समजा ५,००० चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकरच्या आसपास. त्यावर छप्पर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले. एखाद्या रात्री दोन-तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे जुलैत अजिबात नवलाचा नाही, की ५ लाख लिटर पाणी तयार होतं. १० हजार लिटरचे ५० टँकर. जागा आधीच उघड्या कातळाची असेल तर फारसा फरक पडत नाही, कातळावरून पाणी वाहूनच जात होतं. पण ते जुनं भाताचं खाचर किंवा खाजण (खाडीकाठची खारी जमीन) असेल तर ते पाणी आजवर तिथेच थांबत होतं, आता ते थेट तुमच्या गटारात येणार. गटार कुठे जातं? पऱ्याला, म्हणजे ओढ्याला. पऱ्या कुठे जातो? खाडीला. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी वर चढलं की पऱ्याचं तोंड बंद. ते तीन-चार तास पाणी मागे तुंबतं ते दुकानांत. म्हणून सध्या तुमच्या रस्त्यात जे गटार बांधलं जातंय त्याची मापं मॉलचं पाणी धरून काढली आहेत का, हा प्रश्न आजच विचारायला हवा. गटारावर लाद्या पडल्यावर तो विचारून काही होत नाही.

आणि इथेच माझं मुख्य म्हणणं येतं. तुमच्या सभेत मॉल हा एक विषय होता आणि रस्ता हा दुसरा. दोन्हींवर वेगवेगळी भांडणं झाली. प्रत्यक्षात ते एकच काम आहे, आणि ते एकाच ठरावात बांधलं नाही तर तुमचा रस्ता पुन्हा खोदला जाणार. हे मी अंदाजाने सांगत नाही. मी ज्या नगरपरिषदेत होतो तिथे काँक्रीटचा नवा कोरा रस्ता झाला, आणि पाच महिन्यांनी शेजारच्या संकुलाला पाण्याची जोडणी आणि विजेची केबल द्यायला तो तीन ठिकाणी कापला. त्याआधी त्याच रस्त्यावरून बांधकामाचे डंपर गेले होते. कडा तुटल्या. ठेकेदार म्हणाला, डंपरने तोडल्या, दोष दायित्वात (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या जबाबदारीत) बसत नाही. बांधकामवाला म्हणाला, रस्ताच कच्चा होता. कुणाकडेही आधीचे फोटो नव्हते, सुरुवातीची संयुक्त पाहणी नव्हती. दुरुस्ती शेवटी नगरपरिषदेच्या पैशाने झाली, म्हणजे गावाच्या. अंदाजपत्रकावर माझी सही होती आणि ते मला अजून बोचतं.

म्हणून तुमच्या अटींत हे असावं: संकुलाच्या जोडण्यांसाठी रस्त्याच्या आरपार रिकामे पाईप आत्ताच, खोदाई उघडी आहे तोवर टाकून घ्यायचे, खर्च संकुलाच्या मालकाचा. बांधकामाच्या गाड्यांचा मार्ग आणि वेळ ठरवायची. रस्त्याची फोटोंसह संयुक्त पाहणी करून, नुकसान भरपाईसाठी बँक हमी घ्यायची. आणि पऱ्यापर्यंतची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, अपुरी असेल तर ती वाढवल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) द्यायचं नाही.

पार्किंगबद्दल जास्त लिहीत नाही, नियमावलीत दुकानांच्या क्षेत्रफळाप्रमाणे गाड्यांची संख्या दिलेली आहे आणि नकाशात ती दाखवलेलीच असते. बघायचं ते हे की तळघरातलं पार्किंग उद्या गोदाम होऊ नये. आपल्याकडे तळघरात पहिल्याच पावसात पाणी झिरपतं, लोक गाडी खाली न्यायला घाबरतात, जागा रिकामी दिसते आणि मग तिथे खोकी रचली जातात. गाड्या रस्त्यावर येतात. शक्य असेल तिथे तळमजल्याचंच पार्किंग मागा. मालाचे ट्रक संकुलाच्या आत वळून पुढच्या तोंडाने बाहेर पडतील एवढी जागा आहे का, तेही नकाशावर तपासून घ्या.

रस्त्याच्या कामाकडे वळतो. तुम्हाला सभेत सांगितलं गेलं की काम ६५ टक्के झालंय. टक्केवारी ऐकून कधीच उठू नका. बहुतेक वेळा ती बिलाची टक्केवारी असते, पाईपचा माल जागेवर येऊन पडला की तीही वाढते. तुम्ही मीटरमध्ये मागा: एकूण लांबी किती, पाईप किती मीटर टाकून चाचणी झाली, गटार किती मीटर, खडीकरण किती मीटर. मोजमाप पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं. कार्यारंभ आदेशाची तारीख, मुदत, दिलेली मुदतवाढ आणि लावलेला दंड, हेही तिथल्याच फाईलमध्ये सापडतं. कामाचा क्रम पाईप, पाईपची चाचणी, गटार, मोऱ्या, मग खडी आणि शेवटी डांबर किंवा काँक्रीट असा हवा. चाचणीआधी चर बुजवला असेल तर तिथेच बोट ठेवा. काँक्रीट असेल तर त्याची पूर्ण ताकद २८ दिवसांत येते, तोवर पर्यायी वाट हवी. पाऊस लागला की डांबराचं काम थांबतं. म्हणजे मागून हिशेब करा: मेअखेर रस्ता हवा असेल तर शेवटचं काँक्रीट एप्रिलअखेरच्या आत पडलं पाहिजे. ही तारीख ठरावात लिहून घ्या, "लवकरात लवकर" असे शब्द नकोत.

आधी हेही खात्री करा की रस्ता नगरपरिषदेचाच आहे. एसटी स्टँडकडचे रस्ते पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात, मग सभागृहात कितीही ओरडलात तरी ठेकेदाराला त्याचं काही नसतं. आणि संकुलाचं एखादं तोंड ६६ क्रमांकाच्या महामार्गावर उघडणार असेल तर महामार्ग खात्याची वेगळी पोचरस्ता परवानगी लागते.

थोडक्यात, इथवरचं: परवानगी मुख्याधिकाऱ्यांकडे, फेरबदल आणि जागा सभागृहाकडे, आणि तुमचा भर अटींवर, त्याही रस्त्याच्या वेळापत्रकाला बांधलेल्या.

मासे विकणाऱ्या बायकांबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्या जिथे बसतात तो कोपरा मॉलच्या तोंडासमोर येतो आहे, तेव्हा पहिला बडगा त्यांच्यावर येईल. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि हलवायचं झालं तरी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्क्यांहून कमी नाहीत इतके प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असायला हव्यात. तुमच्याकडे ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. आणि नवी जागा देणार असतील तर ती पहिल्या मजल्यावर नको. एका ठिकाणी आम्ही चांगल्या टाईल्सचे ओटे बांधून मासळी बाजार वर नेला होता. पाण्याचा निचरा होईना, टोपली डोक्यावर घेऊन जिना चढता येईना, गिऱ्हाईक वर येईना. पंधरा दिवसांत सगळ्या जणी खाली रस्त्यावर परत आल्या, आणि त्यांचंच बरोबर होतं. ओटे बांधायच्या आधी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

तुमच्या दुकानाचं काय, हे मी टाळणार नाही. स्पर्धा येते म्हणून बांधकाम नाकारता येत नाही. महिन्याचं वाणसामान भरणारं गिऱ्हाईक काही प्रमाणात जाईल, हे धरूनच चला. पण उधारीच्या वहीवरचं, फोनवरून यादी सांगणारं, वाडीवर सामान पोचवून घेणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे राहतं, आणि आज ते तुटतंय चरामुळे, कारण तुमच्या पायरीपर्यंत त्याला येता येत नाही. म्हणून प्रत्येक दुकानासमोर चरावर लोखंडी प्लेट आणि माल उतरवायची ठराविक वेळ, ही मागणी उद्याच लेखी द्या. ती मान्य करायला सभा लागत नाही, अभियंत्याने सांगितलं की ठेकेदाराला करावी लागते.

सभेत नागरिकांना बोलायचा हक्क नसतो, प्रेक्षकांत बसून ऐकता येतं. म्हणून अटी एका पानावर लिहून दोन नगरसेवकांना आधी भेटा, शक्यतो एक सत्ताधारी आणि एक विरोधी. त्यांनी सूचक-अनुमोदक म्हणून ठरावाला उपसूचना, म्हणजे दुरुस्ती, मांडावी, आणि मुख्याधिकाऱ्यांनी त्या अटी परवानगीत घ्याव्यात अशी शिफारस करावी. त्याच पानाची प्रत मुख्याधिकारी आणि जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला देऊन पोच घ्या. गदारोळ झाला तर इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच उरतं. उपसूचना आली की ती शब्दशः लिहावी लागते. ठराव बेकायदा वाटला तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मागता येते. कोर्टाची वेळ येऊ नये, पण आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईच्या खेपा आता नकोत.

आता येत्या सोमवारी करायचं काम. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. दोघं-तिघं जा, वाद न घालता मॉलची फाईल आणि रस्त्याचं मोजमाप पुस्तक मागा. त्याच वेळी त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जागा कुठल्या पट्ट्यात येते त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तेवढा तुकडा) यांच्यासाठी अर्ज टाका. आणि मंगळवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, तीन ठिकाणी रस्ता मोजा: स्टँडच्या वळणावर, संकुलाच्या जागेसमोर आणि मोरीवर. गडग्यापासून गडग्यापर्यंत मोजा, गटार वेगळं लिहा, खांब वेगळे लिहा. मोरीच्या पाईपाचा व्यासही टेपने घ्या. भाग नकाशावरचा आकडा आणि तुमचे आकडे शेजारी शेजारी लिहून मला कळवा, मग अटींचा मसुदा मी तुम्हाला करून देतो.